मेंढ्यांचा थर्मास

वॉर्डात शिरलो तेव्हा बाबा माझ्या थर्मासमधून सूप पीत होते. खरं सांगायचं तर आधी मला थर्मास दिसलाच नाही. दिसलं ते एवढंच की बाबा पीत आहेत, उशीला टेकून, स्वतःच्या हातानं, फुंकर मारमारून पीत आहेत, आणि मला इतकं बरं वाटलं की दारातच पाय थबकले. आतड्याचं ऑपरेशन झाल्यापासून माणूस काही तोंडाला लावत नव्हता. हॉस्पिटलचं आलं की गार आहे म्हणायचे, घरचं आणलं की गार आहे म्हणायचे, चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड. सकाळच्या राउंडला मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं. 'आजचा दिवस वाट बघू. तोंडानं गेलं नाही तर उद्या नाकातून नळी घालू. पण या वयात, एवढ्या अशक्तपणात नळी म्हणजे...' आणि पुढचं वाक्य त्यांनी हातानंच पुरं केलं. तो हात दिवसभर माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. आणि आता हे महाशय मजेत सूप पीत होते. मी खाटेपाशी गेलो, तोंडभर हसलो, 'वा, बाबा!' म्हणालो, आणि मग त्यांच्या हातातल्या पेल्याकडे माझं लक्ष गेलं. पेला म्हणजे थर्मासचं झाकण. झाकणाच्या कडेला लाल टिपका.

तो टिपका मीच लावलेला. आमच्या प्रयोगशाळेतल्या टायपिस्टबाईंकडून नेलपॉलिश मागून घेतलं होतं, कारण तिथे कोण कशातून चहा आणेल याचा नेम नाही आणि या थर्मासमधून कुणी चहा आणू नये ही माझी इच्छा होती. तोंडाची रबरी रिंग फाटली म्हणून तो काल घरी आणला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान आहे, त्याच्याकडे असल्या रिंगा मिळतात. नवी रिंग बसवली, साबणानं घासला, उकळत्या पाण्यानं विसळला, ओट्यावर उपडा घातला. सकाळी पिशवीत टाकायचा होता. पण सकाळी राउंड गाठायच्या घाईत विसरलो, आणि घरचा थर्मास बायकोच्या हातून नळावर आपटून आतली काच फुटलेली. तिनं ओट्यावर हा बघितला. चांगला, रुंद तोंडाचा, स्वच्छ. कुणीही तेच केलं असतं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन तिला फोन लावला. 'अगं, तो थर्मास...' एवढंच म्हणालो तर ती म्हणाली, 'मस्त आहे ना? कुठनं आणलास? इतकं गरम राहिलं रे! सकाळी मी बसले तेव्हा दोन पेले घेतले त्यांनी. म्हणाले, हे कसं, सुपासारखं सूप आहे.' आणि पुढे तिचा आवाजच येईना. ती रडत होती. तिच्या ऑफिसात, टेबलाशी, लोकांसमोर. गेले कित्येक दिवस बाबांची बोलणी खाऊन, रोज नवं काहीतरी शिजवून, ते तसंच परत नेऊन ओतणारी माझी बायको. मी म्हणालो, 'हो, मस्त आहे.' आणि फोन ठेवला. एरवी मी फार सत्यवचनी माणूस आहे, विशेषतः आकड्यांच्या बाबतीत.

त्या थर्मासात काय असतं, ते मी घरात कधी सविस्तर सांगितलेलं नाही. बायकोला माहीत आहे की मी मेंढ्यांवर काम करतो, त्यांच्या पैदाशीवर. लग्नाआधी एकदा सांगायला लागलो तेव्हा ती म्हणाली, 'पुरे, जेवताना नको,' आणि नंतर तो विषय जेवताना नको, झोपताना नको, पाहुणे असताना नको असं होत होत राहूनच गेला. गावाबाहेर कत्तलखाना आहे. तिथे मी सकाळी एप्रन घालून, गमबूट चढवून उभा असतो. मेंढी आकड्याला टांगलेली असते, पोट उघडलेलं, तिथला खाटीक, सगळे त्याला पैलवान म्हणतात, एका हातानं सगळा लगदा बाहेर ओढतो आणि माझ्यासाठी क्षणभर थांबतो. मी कात्री घालतो. दोन अंडाशयं, हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी, ओली, अजून उबदार. ती थर्मासमधल्या कोमट मिठाच्या पाण्यात टुपकन पडतात. 'काय डॉक्टर, आज बाजार भरला का?' पैलवान रोज विचारतो, रोज हसतो. मग मी बसनं प्रयोगशाळेत येतो. बसमध्ये थर्मास मांडीवर घेतलेला असतो, दोन्ही हातांनी धरलेला, आणि शेजारच्या बाईंना वाटतं, कुणासाठी तरी डबा चाललाय. एकदा एका म्हातारीनं जागा सोडून मला बसायला दिलं होतं. 'घरात कुणी आजारी आहे का?' तिनं विचारलं. मी हो म्हणालो. त्या वेळी घरात सगळे ठणठणीत होते.

आणि तरी, आता लाज वाटत असतानाही हे सांगायला हवं, की मला ते काम आवडतं. नुसतं आवडत नाही, त्याच्यासारखं दुसरं काही मला आयुष्यात भेटलेलंच नाही. अंडाशयाला चिरा पाडायच्या, द्रव डिशमध्ये झटकायचा, आणि मायक्रोस्कोपखाली एकेक बीजांड हुडकायचं. भोवती पेशींचं दाट कोंदण, मध्ये तो गोल, काळसर, एकटा ठिपका. एक दिवस उबेत ठेवायचं. मग मेंढ्याचे शुक्राणू सोडायचे, आणि बाजूला व्हायचं. पुढचं कुणाच्याच हातात नाही. त्या दिवशी मी जेवतो, बोलतो, बिलं भरतो, पण लक्ष तिकडे असतं. आणि मग इन्क्युबेटरचं दार उघडून डिश बाहेर काढावी तर काल जिथे एक होतं तिथे दोन असतात. एकमेकांना चिकटलेली, सारखी, शांत. जिच्या पोटातून ते आलं ती मेंढी परवाच कुणाच्या तरी ताटात गेलेली असते आणि इथे तिचं दुपटीनं वाढणं चालू असतं. दुसऱ्या मेंढीच्या पोटात सोडलं तर कोकरू होतं. झालेलं आहे. माझ्या हातून झालेलं, ओलं, लटपटत्या पायांचं, पहिल्यांदा उभं राहताना तोंडावर पडलेलं. त्या दिवशी मला वाटलं होतं की कुणालातरी मिठी मारावी. आजूबाजूला पहारेकरी सोडून कुणी नव्हतं, म्हणून त्याला एक सिगारेट दिली. घरी आलो, हातपाय धुतले, बाबांनी विचारलं, 'आज उशीर?' मी म्हणालो, 'मीटिंग होती.'

बाबांचं सगळं आयुष्य औषधाच्या दुकानात काउंटरमागे गेलं. दुकान त्यांचं नव्हतं, काउंटरही नव्हतं, पण डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मालकाला लागायचं नाही ते त्यांना लागायचं. डॉक्टर लोकांबद्दल त्यांच्या मनात जी भक्ती होती तिला तोड नाही. एखादा डॉक्टर सहज ब्लेडचं पाकीट घ्यायला आला तरी हे उभे राहायचे. आधीपासून उभेच असले तर आणखी ताठ उभे राहायचे. मुलगा डॉक्टर व्हावा आणि त्याची चिठ्ठी आपण काउंटरवर वाचावी, हे एवढंच त्यांना हवं होतं, आणि हे त्यांनी मला कधीही बोलून दाखवलं नाही, त्यामुळे मला कधी भांडताही आलं नाही. माझे मार्क कमी पडले. माणसांकडे प्रवेश मिळाला नाही, जनावरांकडे मिळाला. निकालाच्या दिवशी ते म्हणाले, 'डॉक्टर तो डॉक्टर.' मी पास झालो तेव्हा त्यांनी पेंटरकडून दाराची पाटी रंगवून आणली. नावाआधी 'डॉ.' ठळक, नावापुढे काही नाही. पेंटर म्हणाला होता, पदवी घालू का, जागा आहे. हे म्हणाले, जागा मोकळी बरी दिसते. बिल्डिंगमधले लोक खोकला घेऊन, कंबर घेऊन, नातवाचे जुलाब घेऊन यायला लागले तेव्हा बाबाच त्यांना दारात गाठायचे. 'तो संशोधनात आहे हो. पेशंट बघत नाही.' संशोधन कसलं, हे कुणी विचारलंच तर आवाज खाली आणून म्हणायचे, 'मूल होण्याबाबत.' म्हणजे तसं बघायला गेलं तर खोटं काहीच नव्हतं. खालच्या मजल्यावरची एक नवी सून त्यामुळे एकदा हिरमुसल्या तोंडानं मला भेटायला आली होती, फाईल घेऊन. तिला मी काय सांगितलं ते आठवायची माझी आजही तयारी नाही.

त्यांनी मला काम करताना एकदाच पाहिलं. मी चष्मा विसरलो होतो, तो द्यायला ते प्रयोगशाळेत आले. कुणीतरी त्यांना सरळ मागच्या आवारात पाठवलं. मी तिथे मेंढ्याच्या बाजूला गुडघे टेकून बसलो होतो. मेंढा लाकडी खोड्यात धरलेल्या मेंढीवर चढत होता आणि मी वीर्य गोळा करायची, कोमट पाणी भरलेली रबरी नळी त्याच्या खाली धरून, त्याचा वेग आणि नेम सांभाळत, तोंडानं त्याला चुचकारत होतो. ये बाळा, शाब्बास, असं. मेंढे लाजाळू असतात, त्यांना बोललेलं लागतं. कुणीतरी बघतंय असं वाटून मी मान वळवली. बाबा फाटकाशी उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हातात चष्म्याचं घर. आमची नजरानजर झाली की नाही हे मला नक्की सांगता येणार नाही, कारण चष्मा त्यांच्याकडे होता. त्यांनी घर भिंतीच्या कठड्यावर ठेवलं आणि ते गेले. घरी त्या विषयावर एक शब्द नाही. त्या रात्री जेवताना मीठ पुढे सरकवताना मात्र त्यांनी ते माझ्या हातात न देता ताटाशेजारी ठेवलं. कदाचित ते नेहमीच तसं ठेवत असतील. मी तेव्हापासून बघायला लागलो.

'आता कसं गरम आहे,' बाबा म्हणाले. ओठांना सूप लागलं होतं, गालांवर कधी नव्हे ती तुकतुकी आली होती. 'तुझ्या बायकोला म्हणावं, हाच थर्मास आणत जा. तो जुना भिकार होता.' मी स्टुलावर बसलो. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते मला त्या स्टुलावर कळलं. डोकं सांगत होतं, अरे, स्टील आहे, घासलाय, उकळत्या पाण्यानं धुतलाय, या वॉर्डातल्या चमच्यापेक्षा तो थर्मास दहापट स्वच्छ आहे, तू तुझ्या बीजांडांसाठी जेवढं निर्जंतुक ठेवतोस तेवढं कुणी नवजात बाळासाठी ठेवत नाही. सगळं खरं होतं. आणि तरी त्यांनी पेला ओठाला लावला की मला पैलवानाचा हात दिसत होता. सांगितलं तर ते उद्यापासून पाणीसुद्धा पिणार नाहीत. उद्या नळी. नळीनंतर तो डॉक्टरांचा हात. नाही सांगितलं तर उद्या पुन्हा हाच थर्मास, परवा हाच, मी नवीन आणून बदलीन, आणि कुणाला काही कळणार नाही. मला कळेल. त्याचं काय एवढं? माझ्या एकट्याच्या कळण्यावर आमच्या घरात आजवर बरंच काही निभावलं होतं. मी ठरवलं की नाही सांगायचं. ठरवल्यावर इतकं हलकं वाटलं की मी त्यांची चादरसुद्धा नीट केली.

पलीकडच्या खाटेवर एक टेलर होते. म्हातारे, सडसडीत, बोलके. गुडघ्यावरच्या चादरीच्या चुण्या सारख्या बोटांनी बसवायची त्यांना सवय. त्यांनाही आजपासून पातळ घ्यायला सांगितलं होतं, आणि त्यांच्या बायकोची बस कुठेतरी अडकली होती. मघापासून त्यांचं लक्ष आमच्या थर्मासकडे होतं आणि ते नाही असं ते दाखवत होते. बाबांच्या ते लक्षात आलं. गिऱ्हाइकाची गरज ओळखण्यात आयुष्य गेलेलं. 'घ्या हो थोडं,' बाबा म्हणाले. 'छे छे, तुमचं तुम्हाला.' 'अहो घ्या, पुष्कळ आहे. डॉक्टरच्या घरचं आहे, काळजी नाही. ओत रे त्यांना.' मी उठलो. टेलरनी आपला पेला पुसून पुढे केला. मी ओतलं. वाफ निघाली. माझा हात अगदी स्थिर होता. हात स्थिर ठेवण्याचाच मला पगार मिळतो. टेलरनी पेला दोन्ही हातांत धरला, डोळे मिटून वास घेतला आणि ओठांकडे नेला, आणि मी ओरडलो, 'थांबा!'

टेलरनी डोळे उघडले. आणि मग मी बोलायला लागलो, आणि मला थांबताच येईना. हा थर्मास माझ्या कामाचा आहे, म्हणालो. चुकून आलाय. धुतलेला आहे, पण यात मी कत्तलखान्यातून मेंढ्यांची अंडाशयं आणतो. मादीच्या पोटातली. रोज. मी माणसांचा डॉक्टर नाही, जनावरांचा आहे, जनावरांनासुद्धा बरं करत नाही मी, त्यांची बीजं काढून डिशमध्ये फळवतो. तुम्हाला माहीत असायला हवं म्हणून सांगतो. असलं काय काय. एका परक्या माणसासाठी. जे मी बापाला तोंडात घालू देणार होतो, ते या टेलरला देताना माझ्या जिवाला लागलं, आणि मी बोलत असतानाच मला हे कळत होतं. बाबांकडे बघायची माझी हिंमत नव्हती. टेलरनी पेला अलगद दोन खाटांमधल्या लॉकरवर ठेवला, बोटं चादरीला पुसली, आणि ते बाबांकडे बघायला लागले. समोरच्या खाटेवरचा माणूसही बघायला लागला. सगळे बाबांकडे बघत होते.

बाबा हसले. टाके दुखत असणार, पण ते हसले, खांदे हलेपर्यंत हसले. 'काय राव, फसलात!' ते टेलरना म्हणाले. 'अहो, हा असाच आहे. लहानपणापासून. चेष्टा करेल तर अशी की समोरच्याची दातखीळ बसावी. कॉलेजात नाटकं करायचा.' मी आयुष्यात कधी नाटक केलं नाही. कुणाची चेष्टा केल्याचंही मला आठवत नाही. 'खरंच की काय!' टेलर म्हणाले. त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता. 'खरंच काय, खरंच! असं असतं तर मी प्यायलो असतो का?' असं म्हणून बाबांनी हात लांबवला, लॉकरवरचा टेलरचा पेला उचलला आणि तोंडाला लावला. फुंकर मारली नाही. गरम सूप त्यांनी घटाघटा संपवलं, आणि पिताना त्यांचे डोळे माझ्यावर होते. टेलर हसायला लागले. 'काय डॉक्टरसाहेब, माझा तर जीवच घेतलात!' ते म्हणाले, आणि धीर येऊन त्यांनी आपला पेला परत मागायला हात पुढे केला. बाबांनी तो हात बघितला. मग माझ्या हातातून थर्मास घेतला, झाकणात ओतण्याच्या भानगडीत न पडता सरळ तोंडाला लावला, आणि मान मागे टाकून, गळ्याची घाटी वर-खाली करत पीत राहिले, तळाशी गेलं तरी थांबले नाहीत. उपडा करून शेवटचा थेंब घेतला. 'संपलं हो,' टेलरना म्हणाले. 'माफ करा. हावरटपणा झाला माझा. तुमच्या मंडळी येतीलच आता.'

म्हणजे त्यांना पटलं होतं. माझा शब्दन् शब्द त्यांना खरा वाटला होता, म्हणून तर त्यांनी टेलरना थेंब उरू दिला नाही.

सिस्टर औषधाची गाडी ढकलत आली, रिकामा थर्मास हलवून बघितला आणि खूश झाली. 'सगळं संपवलंत आजोबा? आता नळीची गरज नाही, मी सरांना सांगते. बघा, मुलगा समोर असला की कसं पोटात जातं.' बाबा म्हणाले, 'डॉक्टर आहे तो.' त्यांचा आवाज घोगरा झाला होता. ती गेली. बाबांनी उशीवर मान टेकली, तोंड माझ्या बाजूला, कारण दुसऱ्या बाजूला टेलर होते. त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता. जबडा घट्ट आवळलेला, आणि दर थोड्या वेळानं ते एक आवंढा गिळत होते, आतून वर येणारं काहीतरी पुन्हा खाली लोटत होते, आणि प्रत्येक वेळी चादरीखाली पोटावरचा हात टाक्यांवर दाबला जात होता. मी खाटेखालचं भांडं ओढलं, त्यांच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, 'बाबा, काढून टाका. मी धरतो.'

त्यांनी तोंड न उघडता नकारार्थी मान हलवली आणि डोळ्यांनी खुणावलं, की टेलर बघतायत, नीट बस.